समीकरणें सोडविणारें यंत्र आणि वड्याचा भाव

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवांत दोन दिवस अल्पोपाहाराची सोय केली होती. बेत साधाच, चहा आणि वडा. पुरविणारे गृहस्थ शाळेच्या फाटकाशीं कित्येक वर्षें हातगाडी लावीत आलेले. मुलें त्यांना काका म्हणतात, आणि आम्हां शिक्षकांच्या तोंडींहि तेंच नांव बसलें आहे. महोत्सव आटोपल्यावर जमाखर्च लिहून काढण्याचें काम दहावींतील तीन विद्यार्थ्यांकडे आलें. ज्या शिक्षकांनीं भाव तोंडी ठरविला होता ते रजेवर गेले होते, आणि वहींत नुसत्या दोन ओळी होत्या:

पहिला दिवस: चहा १००, वडे १००, दिले रुपये २५००.
दुसरा दिवस: चहा १००, वडे १०१, दिले रुपये २५२०.

एका चहाचा भाव किती व एका वड्याचा किती, हा प्रश्न उघडच दोन चलांच्या समीकरणांचा होता. दहावीच्या बीजगणितांतील पहिलाच धडा तो. तिघांपैकीं एकाच्या घरच्या संगणकावर 'ऑक्टेव्ह' नांवाची आज्ञावली होती. तिला त्यानें दोन्ही समीकरणें घातलीं, आणि क्षणांत उत्तर आलें: चहा ५ रुपये, वडा २० रुपये. मुलांनीं तें दोन्ही ओळींत घालून पाहिलें. शंभर चहाचे पांचशें व शंभर वड्यांचे दोन हजार मिळून अडीच हजार. दुसऱ्या दिवशीं एक वडा अधिक, म्हणून वीस रुपये अधिक. पैशाचाहि फरक नाहीं. पण आमच्या भागांत वडा पंधरा रुपयांस मिळतो. मधल्या सुटीपर्यंत "काकांनीं शाळेला वड्यामागें पांच रुपये जास्त लावले" ही बातमी सर्व वर्गांत पोंचली. ती काकांच्या कानांवर गेली असावी, कारण त्या दिवशीं शाळा सुटण्यापूर्वींच त्यांची गाडी फाटकावरून गेलेली होती.

वही माझ्याकडे आली. मी गणिताचा शिक्षक. मीं आधीं वजाबाकी तपासली. ती बरोबर होती. यंत्राला घातलेले आंकडे तपासले. तेहि बरोबर होते. तरी मन घेईना, कारण त्या दोन ओळींची ठेवण मला जुन्या ओळखीची वाटत होती. ती कां, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे; परंतु त्या ठिकाणीं येण्यापूर्वीं यंत्र असलीं समीकरणें कशीं सोडवितें तें पाहिलें पाहिजे.

'ऑक्टेव्ह' संगणकाच्या आज्ञा-ओळीवर चालते. संगणक म्हणजे चित्रांवर बोट ठेवून चालविण्याची वस्तु एवढेंच ज्या पालकांनीं पाहिलें असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. येथें चित्रें नाहींत. मोकळ्या पडद्यावर एक लहानशी खूण लुकलुकत असते. तिच्यापुढें आपण एक ओळ लिहावयाची, 'एंटर' ही कळ दाबावयाची, कीं खालीं उत्तर उमटतें आणि खूण पुन्हां लुकलुकूं लागते. गुरुजींनीं तोंडी गणित घालावें व मुलानें उत्तर द्यावें तसा हा प्रकार. येथें गणित घालणारे मात्र आपण. (सन २०१५ पासून ह्या आज्ञावलीला खिडक्या व बटणें यांचेंहि रूप मिळालें आहे, पण आंत तीच ओळ असते.)

तिच्या जन्माची हकीकत शाळेच्या नियतकालिकांत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत क्लीव्ह मोलर ह्या प्राध्यापकांनीं, सन १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, न्यू मेक्सिको विद्यापीठांतील आपल्या विद्यार्थ्यांसाठीं 'मॅटलॅब' नांवाची आज्ञावली लिहिली. फॉर्ट्रन भाषा शिकण्यांत वेळ न घालवितां मुलांना थेट समीकरणांशीं काम करतां यावें हा तिचा हेतु. पुढें तिचा व्यापार झाला आणि ती विकत घ्यावी लागूं लागली. सन १९९२ मध्यें जॉन ईटन यांनीं त्याच वळणाची दुसरी आज्ञावली लिहावयास घेतली. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एका पाठ्यपुस्तकाबरोबर वापरतां यावी एवढीच प्रथम कल्पना होती. ती कोणीहि फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी व दुसऱ्यास द्यावी अशी मुभा आहे. नांव ठेवतांना ईटन यांनीं आपल्या एका जुन्या प्राध्यापकांचें नांव दिलें: ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील. हे गृहस्थ पाकिटाच्या पाठीवर चार आंकडे मांडून अवघड प्रश्नाचें अदमासें उत्तर चटकन् काढण्याबद्दल प्रसिद्ध होते. नांवाचा संगीतांतील सप्तकाशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं, आणि तें मुद्दाम जुनें घेऊं. चीन देशांत 'गणिताचे नऊ अध्याय' नांवाचा एक प्राचीन ग्रंथ आहे. इ. स. २६३ मध्यें लिऊ हुइ ह्या पंडितानें त्यावर टीका लिहिली, म्हणजे मूळ ग्रंथ त्याहून जुना. त्याच्या आठव्या अध्यायांतील पहिला प्रश्न असा: पहिल्या प्रतीच्या धान्याच्या ३ पेंढ्या, मध्यम प्रतीच्या २ व हलक्या प्रतीची १ मिळून ३९ मापें धान्य निघतें. पहिल्या प्रतीच्या २, मध्यम ३ व हलकी १ मिळून ३४ मापें. आणि पहिल्या प्रतीची १, मध्यम २ व हलक्या ३ मिळून २६ मापें. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढींत किती मापें? आपल्या चिन्हांत,

३क्ष + २य + ज्ञ = ३९
२क्ष + ३य + ज्ञ = ३४
क्ष + २य + ३ज्ञ = २६

ऑक्टेव्हला हें सांगावयाचें तर क्ष, य, ज्ञ लिहिण्याची गरज नसते. नुसते सहगुणक चौकटी कंसांत ओळींनीं मांडावयाचे, एक ओळ संपली कीं अर्धविराम द्यावयाचा, आणि उजव्या बाजूचे आंकडे निराळ्या कंसांत ठेवावयाचे. यंत्राला रोमन अक्षरें व इंग्रजी आंकडे लागतात. वाचकांच्या सोईसाठीं येथें नागरींत लिहितों:

क = [३ २ १; २ ३ १; १ २ ३]
ख = [३९; ३४; २६]
क \ ख

तिसऱ्या ओळींतील उलटी तिरकी रेघ हाच सर्व मंत्र. "क ह्या सारणीनें ख ला डावीकडून भागा" असा तिचा अर्थ. एंटर दाबतांच उत्तर येतें:

९.२५००
४.२५००
२.७५००

म्हणजे सव्वानऊ, सव्वाचार व पावणेतीन मापें. ग्रंथांतील उत्तर हेंच आहे.

ती तिरकी रेघ आंत काय करते? चिनी गणिती पाटावर काड्या मांडून जें करीत तेंच. (त्यांच्याकडे धन संख्येच्या काड्या तांबड्या व ऋण संख्येच्या काळ्या असत.) दुसऱ्या समीकरणाची तिप्पट करून पहिल्याची दुप्पट वजा करा; क्ष नाहींसा होतो आणि ५य + ज्ञ = २४ राहतें. तिसऱ्याची तिप्पट करून पहिलें वजा करा; ४य + ८ज्ञ = ३९ राहतें. आतां दोनच अव्यक्तें उरलीं. ह्या दुसऱ्याच्या पांचपटींतून पहिल्याची चौपट वजा केली कीं ३६ज्ञ = ९९, म्हणून ज्ञ पावणेतीन. मग उलट पावलीं वर चढत जावें: ज्ञ कळला म्हणून य कळतो, य कळला म्हणून क्ष. ह्या रीतीला युरोपीय पुस्तकांत गाउसचें नांव दिलेलें असतें. गाउस जन्मला सन १७७७ मध्यें. लिऊ हुइच्या काड्या त्याच्या आधीं पंधराशें वर्षांहून अधिक काळ पाटावर मांडल्या जात होत्या.

आपल्याकडेहि एकाहून अधिक अव्यक्तें घेऊन गणित करण्याची परंपरा जुनी आहे. आपले गणिती अव्यक्तांना रंगांचीं नांवें देत: पहिलें यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक. म्हणूनच बाराव्या शतकांतील भास्कराचार्यांच्या बीजगणितांत 'एकवर्ण' व 'अनेकवर्ण' समीकरणें येतात. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे; खानदेशांत जाणाऱ्या विद्यार्थ्यानें तो अवश्य पाहावा.

येथें एखादे चौकस पालक विचारतील कीं दहावीच्या पुस्तकांत निश्चयकाची, म्हणजे क्रेमरची, पद्धत आहे. यंत्र ती कां वापरीत नाहीं? क्रेमरची पद्धत दोन समीकरणांना फार सुटसुटीत आहे, आणि कागदावर सुंदर दिसते. पण दहा समीकरणें घ्या. अकरा निश्चयक काढावे लागतात. प्रत्येकाचा व्याख्येप्रमाणें विस्तार केला तर ३६,२८,८०० पदें होतात, आणि प्रत्येक पद म्हणजे दहा संख्यांचा गुणाकार. एकूण पदें ३,९९,१६,८००. एकेक अव्यक्त लोपवीत जाण्याच्या रीतीनें त्याच कामाला गुणाकार-भागाकार लागतात अवघे ४३०. चार कोटी कोठें आणि चारशें तीस कोठें! समीकरणें हजार झालीं तरी लोपाच्या रीतीला सुमारें तेहतीस कोटी गुणाकार पुरतात, व आजचा साधा संगणक ते एखाद्या क्षणांत उरकतो. दोन समीकरणांपलीकडे मी स्वतः क्रेमरच्या वाटेला जात नाहीं. परीक्षेंत विचारलें तर गोष्ट वेगळी.

अशीं समीकरणें यंत्राकडून सोडवून घ्यावीं ही इच्छा संगणकाच्या जन्माच्याहि मुळाशीं आहे. अमेरिकेंत आयोवा येथें जॉन अॅटनासॉफ व त्यांचे विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनीं १९३९ ते १९४२ ह्या काळांत विजेच्या दिव्यांसारख्या नळ्यांचें एक यंत्र बांधलें. त्याचा हेतु एकच होता: एकोणतीसपर्यंत एकसामयिक समीकरणें सोडविणें. मधले आंकडे विजेच्या ठिणगीनें कागदी पत्त्यांवर भोंकें पाडून साठविले जात. ती ठिणगी कधीं कधीं चुके, आणि तेवढ्यानें यंत्र भरंवशाचें होईना. महायुद्ध आलें, दोघेहि दुसऱ्या कामावर गेले, आणि यंत्र पुढें मोडून टाकण्यांत आलें. सन १९४९ मध्यें अर्थशास्त्रज्ञ लिऑन्टिएफ यांनीं अमेरिकेच्या उद्योगधंद्यांचा हिशेब बेचाळीस समीकरणांत बसवून हार्वर्डच्या 'मार्क दोन' ह्या यंत्राला घातला. त्याला छप्पन तास लागले.

परंतु वेळेपेक्षांहि मोठी भीति दुसरीच होती. यंत्र संख्या पुरी लिहीत नाहीं. एक-तृतीयांश म्हटलें तर ०.३३३… असें कोठें तरी तोडावेंच लागतें. प्रत्येक वजाबाकींत शेवटचा अंक किंचित् खोटा होतो, आणि पुढचें गणित त्या खोट्या अंकावर उभें राहतें. सन १९४३ मध्यें हॅरोल्ड होटेलिंग ह्या विद्वानांनीं असा अंदाज बांधला कीं दर वाढत्या समीकरणागणिक चूक चौपट होऊं शकेल. हा हिशेब अठरा समीकरणांना लावला तर चूक सतराशें कोटींहून अधिक पट होते. मग यंत्र बांधून उपयोग काय?

ह्या प्रश्नाचा निकाल तर्कानें लागण्यापूर्वीं हातानें लागला. सन १९४६ मध्यें इंग्लंडांतील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत खरोखरच अठरा समीकरणांचा एक प्रश्न आला. चार गणिती हातानें चालवावयाचीं हिशेबयंत्रें घेऊन बसले. त्यांत तरुण जेम्स विल्किन्सन होते आणि अॅलन ट्यूरिंगहि होते. आणि काम फसणार अशी ट्यूरिंग यांची खात्री होती. सुमारें पंधरा दिवस गणित चाललें. शेवटीं उत्तरें मूळ समीकरणांत घालून पाहिलीं, तों डावी व उजवी बाजू आश्चर्य वाटावें इतक्या अंकांपर्यंत जुळली. विल्किन्सन यांनीं ह्याचा पिच्छा सोडला नाहीं. सन १९६१ मध्यें त्यांनीं कारण मांडलें, आणि तें इतकें साधें आहे कीं दहावीच्या मुलासहि समजावें. यंत्राचें उत्तर तुमच्या प्रश्नाचें तंतोतंत उत्तर नसतें, हें खरें; पण तें तुमच्या प्रश्नाला अगदीं लागून असलेल्या, केसाएवढ्या फरकाच्या, दुसऱ्या एका प्रश्नाचें तंतोतंत उत्तर असतें.

विद्यार्थ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. काकांच्या वड्याचें सारें प्रकरण त्यांत आहे.

विल्किन्सन यांचें म्हणणें खरें ठरावयाला एक पथ्य पाळावें लागतें. तें न पाळल्यास काय होतें तें पाहा. समजा एखादें यंत्र फक्त तीन अंक लक्षांत ठेवतें, आणि त्याला हीं समीकरणें दिलीं:

०.०००१क्ष + य = १
क्ष + य = २

खरें उत्तर दोन्हींना जवळजवळ १ आहे. यंत्रानें पहिल्याची दहा हजारपट करून ती दुसऱ्यांतून वजा केली, तर −९९९९य = −९९९८ येतें. तीन अंकांत दोन्हीकडे −१०,००० च लिहिलें जातें, म्हणून य = १; मग पहिल्या समीकरणावरून क्ष = ०. साफ चूक! आतां दोन्ही ओळींची नुसती जागा बदला, मोठा सहगुणक वर घ्या, आणि तोच लोप करा: य = १, क्ष = १. ऑक्टेव्हची तिरकी रेघ प्रत्येक पायरीवर असें करते. ज्या अव्यक्ताचा लोप करावयाचा त्याचा सर्वांत मोठा सहगुणक असलेली ओळ ती आधीं वर आणते. आम्ही फळ्यावर सोपा सहगुणक पाहून ओळ निवडतों, यंत्र मोठा पाहून निवडतें.

सारांश, सुमारें सोळा अंक धरणारें आजचें यंत्र आणि ओळी बदलण्याचें हें पथ्य, एवढ्यावर बेरीज-वजाबाकीची चिंता व्यवहारांत बहुधा मिटते. मग चूक कोठून येते? ती प्रश्नांतून येते, आणि तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार उघडा आहे. समजा, आईनें वाण्याच्या दोन चिठ्ठ्या दिल्या. एकींत १ किलो तांदूळ व २ किलो डाळ, रुपये ३००. दुसरींत २ किलो तांदूळ व ४ किलो डाळ, रुपये ६००. ह्या दोन चिठ्ठ्या नव्हेत. एकच चिठ्ठी दुप्पट करून लिहिली आहे. तांदूळ ८० व डाळ ११० असेल, तांदूळ १०० व डाळ १०० असेल, चिठ्ठ्या कांहींच सांगत नाहींत. ऑक्टेव्हला विचारा. ती गप्प बसत नाहीं. "सारणी यंत्राच्या अचूकपणाच्या मर्यादेंत एकाकी आहे" अशा अर्थाची इशाऱ्याची एक ओळ ती इंग्रजींत छापते, आणि तिच्याखालीं निमूटपणें उत्तर देते: तांदूळ ६०, डाळ १२०. असंख्य उत्तरांपैकीं ज्याच्या अंकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी तें तिनें निवडलें. तुमच्या वाण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. आतां दुसऱ्या चिठ्ठीवर ६०० च्या ऐवजीं ६१० लिहा. दोन्ही चिठ्ठ्या एकदम खऱ्या असूं शकतच नाहींत. तरी उत्तर येतें: तांदूळ ६०.८, डाळ १२१.६. दोन्ही चिठ्ठ्यांशीं होणारें भांडण कमींत कमी राहील असा तो तोडगा आहे. आंकडे कसे बाजारांतल्यासारखे दिसतात! वरची इशाऱ्याची ओळ न वाचणारा मुलगा ते वहींत उतरून घेईल, आणि दशांशस्थळ पाहून घरच्यांचाहि विश्वास बसेल.

दुसरा प्रकार झांकलेला आहे, कारण तेथें इशारा मिळत नाहीं. काकांच्या हिशेबाच्या दोन ओळी पुन्हां पाहा: शंभर व शंभर, शंभर व एकशेंएक. ह्या जवळजवळ एकच ओळ आहेत. आलेख काढला तर दोन सरळ रेषा इतक्या लहान कोनांत एकमेकींस छेदतात कीं त्या रुळांसारख्या समांतर भासतात. असल्या दोन रेषांपैकीं एक केसभर सरकवा, आणि छेदनबिंदु वीतभर पळतो. मला जुनी ओळख वाटली ती हीच.

हा धोका किती, तेंहि ऑक्टेव्ह सांगते. मात्र विचारावें लागतें. 'कंडिशन' ह्या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं चार अक्षरें लिहून कंसांत सारणीचें नांव घातलें कीं एक संख्या मिळते. दिलेल्या आंकड्यांतील चूक उत्तरांत जास्तींत जास्त कितीपट होऊं शकेल, तें ती दर्शविते. आमच्या वहीच्या सारणीसाठीं ती ४०२ आली. सोळा अंक धरणाऱ्या यंत्राला चारशेंपट म्हणजे कांहींच नव्हे. दोन-तीन अंक गेले तरी तेरा उरतात. म्हणून तें इशारा देत नाहीं. २५२० हा आंकडा त्याच्या दृष्टीनें २५२० पूर्णांक व पुढें शून्यें अशा थाटाचा आहे. तो कोणी, कोठें, कोणत्या घाईंत लिहिला, हें त्याला ठाऊक नसतें.

मीं तिघांना बोलावून एवढेंच विचारलें: "दुसऱ्या दिवशींचे पैसे कोणीं दिले, आणि कसे?"

"मीं दिले, सर," एक जण म्हणाला. "पांचशेंच्या पांच नोटा आणि वीसची एक."

"बिल किती होतें?"

तो थांबला. मग म्हणाला, "काकांकडे सुटे पांच रुपये नव्हते. ते म्हणाले, उद्यां देतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं नाणें आणून दिलें. मीं तें किरकोळ जमेंत लिहिलें आहे."

वहीचें पान उलटलें. किरकोळ जमा, रुपये ५. लिहिणाऱ्यानें दोन्ही ठिकाणीं खरेंच लिहिलें होतें. पण एक ओळ देण्याची होती व दुसरी दिलेल्याची, आणि समीकरण भावाचें होतें.

२५२० च्या जागीं २५१५ घालून त्यानें माझ्यासमोर पुन्हां एंटर दाबला. चहा १०, वडा १५. अडीच हजारांत पांच रुपयांचा फरक म्हणजे पांचशेंत एक. तेवढ्यानें चहाचा भाव निम्मा झाला होता, आणि एका वृद्ध गृहस्थाच्या माथीं एक वाईट शब्द आला होता. विल्किन्सन यांच्या भाषेंत सांगावयाचें तर यंत्रानें लागून असलेल्या दुसऱ्या प्रश्नाचें तंतोतंत उत्तर दिलें होतें. ताळा जुळला तोहि त्या दुसऱ्या प्रश्नाचाच. मुलांना आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों कीं उत्तर समीकरणांत घालून पाहा, जुळलें कीं झालें. तें सांगणें अपुरें होतें, आणि त्या अपुरेपणाचा दोष मी माझ्याकडे घेतों.

मग आम्हीं एक प्रयोग केला. दुसऱ्या दिवशीं वडे १०१ न जातां केवळ २० गेले असते, तर बिल १३०० झालें असतें. त्यांत तीच चूक घालूं, १३०५ लिहूं. ऑक्टेव्हनें उत्तर दिलें: चहा १०.०६२५, वडा १४.९३७५. पांच रुपयांची तीच चूक, पण येथें भावांत फरक सहा पैशांचा. कोणीहि पाहून म्हटलें असतें, दहा आणि पंधरा. ह्या सारणीची ती संख्या ३.५ च्या आसपास येते. दोन रेषा येथें चांगल्या रुंद कोनांत छेदतात, म्हणून एक जरा सरकली तरी छेदनबिंदु जागच्या जागीं राहतो. दोन दिवसांच्या विक्रींत ठळक फरक असता तर हें प्रकरण उद्भवलेंच नसतें.

यंत्र जर सारें सोडवितें तर आमच्या मुलांनीं हातानें गणितें कां करावीं, असें पालकसभेंत मला दरवर्षीं कोणीतरी विचारतें. मी आतां त्यांच्यापुढें ही वही ठेवतों. ज्यानें शंभर-शंभर व शंभर-एकशेंएक अशा ओळी स्वतः एकमेकींतून वजा केल्या असतील, त्याला वजाबाकी होतांच एकच वडा शिल्लक राहिलेला दिसतो, आणि सर्व भाव त्या एका वड्यावर लटकला आहे हेंहि दिसतें. तिरकी रेघ ती वजाबाकी पडद्याआड करते.

त्या दिवशीं शाळा सुटल्यावर तिघे मुलगे फाटकाशीं गेले. मी दूर उभा होतों. काय बोलणें झालें तें मीं ऐकलें नाहीं. काकांनीं बराच वेळ तवा पुसला, मग तिघांना चहा दिला, आणि पैसे मात्र मोजून घेतले. दुसऱ्या दिवशीं वर्गावर्गांत जाऊन खरा भाव सांगण्याचें काम त्या तिघांनीं आपण होऊन केलें. यंदाच्या जमाखर्चाच्या वहींत 'देणें' आणि 'दिले' असे दोन निराळे रकाने आंखलेले आहेत.